सत्तेचाळीस नंबरची सावड

मिलचा भोंगा पहिल्यांदा वाजला त्या सकाळी राहनाळातल्या दोन म्हशींनी दावी तोडली आणि आनंदीबाईच्या हातची भाकर तव्यावर पडायची ती राखेत पडली. म्हशी आठ दिवसांत सरावल्या. आनंदीबाईला जरा जास्त दिवस लागले. भोंगा झाला की कानावर पदर ओढून ती म्हणायची, "आला बोंबल्या."

तिची सून तुळजा. तिला मात्र भोंगा पहिल्यापासून आवडला. गावात घड्याळ एकच, तेही शाळेत, आणि शाळेला कुलूप लागलं की वेळही कुलपात. आता वेळच दिवसातून तीनदा आपण होऊन दारी येत होती. पहाटे जात्यावर बसलं की तुळजाच्या तोंडून एक नवीच ओवी निघायची आणि शेजारची गोदू कुडापलीकडून हसायची.

कोंबडा बाई रुसला, बसला कुडावरी,
भोंगा उठवी गावाला, मी आरवू कशाला तरी.

मिल सळयांची होती. ठाण्याच्या रस्त्याला खाडीकाठच्या खाजणाच्या कडेनं पत्र्याची लांबलचक छपरं उभी राहिली होती. जुनं लोखंड भट्टीत लाल करायचं आणि फिरत्या रुळांमधून पिळून पिळून त्याची सळई ओढायची, असं तिथलं काम. भरती झाली ती वैशाख लागता लागता. दापोडं, राहनाळ, पार तिकडं दिघाशीपासून माणसं आली. गेटापुढं जत्रेसारखी रांग लागली. कुणी सातवीचा दाखला आणला होता, कुणी सरपंचाची चिठ्ठी. तुळजाचा नवरा विठू पायात वहाण नाही, हातात चिठ्ठी नाही, असाच गेला.

परीक्षा घेणारा मिस्त्री जौनपूरकडचा होता, रामदुलार नावाचा. दाखले त्यानं बघितलेच नाहीत. लांब दांड्याची सांडशी हातात द्यायची, जमिनीवरून एक थंड सळई सरकवायची आणि म्हणायचं, "पकड़ो." शहरातली पोरं छाती काढून उभी राहायची, सळई पायाखालून निघून जायची. विठूची पाळी आली. त्यानं पाय फाकवले, गुडघे ताठ ठेवले आणि कमरेत वाकून सळईचं तोंड असं अलगद धरलं, जसा काही चिखलातून रोपाचा शेंडाच उचलतोय. रामदुलारनं त्याच्या कमरेवर थाप मारली.

"धान लगाते हो?"

"हो. भात हाय ना आमचा."

"इसको रख लो," मिस्त्री मागच्या कारकुनाला म्हणाला. "जो कमर से झुकता है, वही टिकता है. घुटने वाले दो दिन में भाग जाते हैं."

गावाला बोलायला तेवढं पुरलं. लोकांना नोकरी शिक्षणावर लागते, वशिल्यावर लागते. विठूला कमरेवर लागली. विहिरीवर बायका तुळजाला म्हणायच्या, "नवऱ्याची कमर जपून वापर हो बाय, मिलची हाय आता ती."

"पाळी संपली की माजीच हाय," तुळजा म्हणायची आणि घागर डोक्यावर घेऊन वळायची.

दिवसाला सहा रुपये, म्हणजे शेतावरच्या मजुरीच्या दुप्पट. वर भट्टीवाल्यांना गूळ-फुटाणे. त्या साली रेशनवर तांबडी ज्वारी मिळत होती, गुरंही तोंड फिरवतील अशी. विठूच्या पहिल्या पगाराला घरात कोलमाचे तांदूळ आले, तेव्हा आनंदीबाईनं त्यातला एक दाणा उचलून उजेडात धरला आणि मग जपून परत तांदळात ठेवला. पण सगळी नेमणूक कच्ची होती. टाइमकीपर पंढरीनाथ कल्याणचा, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "तीन महिने कच्चे. एक खाडा झाला की नाव गेलं. बाहेर चाळीस माणसं उभी आहेत, विसरू नका." आणि प्रत्येकाच्या हातावर पितळेचा एकेक बिल्ला ठेवला होता. विठूचा सत्तेचाळीस.

घराला पाळ्या शिकायला वेळ लागला. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी अकरा ते सात. आठवड्याला बदलायची, गुरुवारी सुटी. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात विठू दिवसा झोपायचा, ते आनंदीबाईला काही केल्या पचेना. उन्हं वर आली असताना धडधाकट माणूस आडवा, म्हणजे त्याला काहीतरी झालं असणार. कुणी विचारलं तर ती सांगायची, "अंगान कसर हाय जरा." तीन दिवसांत विठूच्या आजाराची बातमी त्याच्या मामाच्या गावाला पोचली आणि मामा नारळ घेऊन भेटायला आला. विठूला झोपेतून उठवून त्याच्या कपाळावर हात ठेवला. "ताप न्हाय," मामा म्हणाला. "मंग काय हाय?"

"डुटी," विठू म्हणाला आणि कुशीवर वळला.

कामाची एक गोष्ट मात्र आनंदीबाईला पहिल्याच ऐकण्यात समजली. भट्टीपुढं माणूस सलग टिकत नाही. रुळांतून लाल सळई सणाणत बाहेर येते, ती सांडशीत पकडायची आणि वळवून पुढच्या खाचेत घालायची. पायांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं, खाली लाकडी तळव्यांच्या वहाणा. अर्ध्या तासात घाम वाळून अंगावर मीठ धरतं. म्हणून एका जागेला दोन माणसं. अर्धा तास एक उभा, अर्धा तास दुसरा. विठूच्या जोडीला दापोड्याच्या बौद्धवाड्यातला वाल्मीक होता, उंच, हडकुळा, सदा गालात हसणारा.

"म्हंजे सावडच की," आनंदीबाई म्हणाली. "तू त्याचं करायचं, त्यानं तुजं."

"तसंच," विठू म्हणाला.

आणि तसंच आहे, असं घरातल्या तिघांनीही मनात धरलं. पुढचा घोळ झाला तो त्यानंच.

आषाढात आवण्या सुरू झाल्या. राबाच्या वाफ्यातली रोपं हातभर वाढली की उपटून चिखलात लावायची, आणि हे काम एका घराच्या हातून होत नाही. आज सगळ्यांनी गोदूकडं, उद्या अनंताकडं, परवा तुळजाकडं. ज्यानं जेवढी माणसं दिली, त्याला तेवढी परत. हिशेब कुणी लिहीत नाही आणि कुणी विसरतही नाही. माणूस कुठलं आलं, बाप्या की बाई, थोरला की धाकटी, असं कधी कुणी विचारत नाही. त्या घरचं एक माणूस बांधावर दिसलं की त्या घराची सावड आली.

तुळजानं आपल्या शेताची पाळी मुद्दाम गुरुवारी धरली, विठूच्या सुटीला. बुधवारी रात्री तो तिसऱ्या पाळीला गेला, गुरुवारी सकाळी सातला सुटला आणि घरी न येता तसाच शेतावर आला. अंग भट्टीनं कढत होतं. तुळजा म्हणाली, "वाईच बसा. चहा घ्या." पण बारा माणसं चिखलात उतरलेली, आणि घरचा धनी बांधावर चहा पितोय हे त्याला बरं दिसेना. धोतर वर खोचून तो गुडघाभर गार पाण्यात उतरला. पाऊस बारीक लागून होता. बायकांनी गाणं धरलं होतं.

पयली मूठ गो रोविली बांधाच्या आईला,
दुसरी मूठ गो रोविली शिवाराच्या बाईला,
तिसरी मूठ गो कोनाची? जो वाकंल तयाची,
चिखलान पाय ज्याचा गो, लोंबी बी तयाची.

विठूही वाकला. दुपारपर्यंत वाकून होता. दुपारी भाकरीला हाक मारली तेव्हा सगळे उठले आणि तो उठेना. मस्करी करतोय असं आधी वाटलं. अनंतानं पाठीत धपका घातला तशी त्याच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की गाणं तिथंच थांबलं. चौघांनी त्याला तसाच, काटकोनात, घरी आणला.

"तापला विळा पान्यान बुडवतात, मानूस न्हाय," आनंदीबाई म्हणाली. रुईची पानं तव्यावर शेकून ती त्याच्या कमरेला लावत होती, मिठाची पुरचुंडी फिरवत होती आणि मधूनमधून त्याला शिव्या देत होती. संध्याकाळी अंगात तापही भरला. विठूनं दोनदा उठायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा खांबाला धरून अर्धा उभा राहिला आणि डोळ्यांत पाणी येऊन परत खाली बसला.

"उद्या सातला पयली पाळी हाय," तो म्हणाला. "सा दिवस ऱ्हायलेत गो पक्कं व्हायला. फकस्त सा."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. तुळजाच्या डोळ्यांपुढं कोलमाचे तांदूळ आले, आणि तांबडी ज्वारीही आली.

"तो वाल्मीकभाऊ एकटा पडंल," ती म्हणाली.

"पडंल ना. अर्धा तास त्याचा, अर्धा माजा. माजा अर्धा कोन करनार?"

"घरातलं मानूस गेलं म्हंजे झालं," तुळजा म्हणाली. "मी जाते."

विठूनं तिच्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. आनंदीबाईनं रुईचं पान उलटलं आणि सरळ विचारलं, "भाकर कशाबरोबर देऊ? सुकट हाय."

या तिघांपैकी एकालाही यात वावगं काही वाटलं नाही. विठूला एवढीच काळजी होती की सांडशी जड आहे.

सकाळी भोंग्याच्या आधी तुळजा गेटावर होती. लुगडं वर कासोटा घालून घट्ट, डोक्यावर गोणपाटाची खोळ, कमरेला भाकर, मुठीत बिल्ला. फाटकाबाहेर रिकाम्या जागेची वाट बघणारी माणसं छत्र्या-पोती घेऊन रोजच्यासारखी उभी होती, त्यांत अनंताही होता. तिच्याकडं त्यांनी डबा घेऊन आलेली बायको म्हणूनच बघितलं. ती हजेरीच्या खिडकीपाशी गेली आणि बिल्ला फळीवर ठेवला.

पंढरीनाथनं नंबर वाचला, पेन्सिल उचलली, मग वर बघितलं. "हा कुठं आहे?"

"घरी हाय. कमर धरलीय. त्याच्या बदली मी आलीय."

"तू?"

"त्याच्या घरची मी."

"अहो बाई, ही मिल आहे. इथं माणूस लागतो."

"मंग मी काय म्हस हाय?"

रांगेतली माणसं हसली. पंढरीनाथनं चष्मा काढून पुसला. तो काही वाईट माणूस नव्हता. सकाळी पाचच्या गाडीनं येणारा, अर्धी झोप कल्याणलाच ठेवून आलेला माणूस. "सत्तेचाळीस म्हणजे विठू," तो सावकाश, पोराला समजवावं तसं सांगू लागला. "नाव त्याचं, बिल्ला त्याचा, हजेरी त्याची. तो आला तर हजर. तो नाही आला तर खाडा. त्याचा भाऊ आला, बाप आला, देव आला, तरी खाडाच."

"पन काम झालं तर?"

"काम झालं तरी."

तुळजाला हे खरंच कळेना. बारा घरांच्या आवण्या तिनं बघितल्या होत्या. काम झालं आणि तरी खाडा, असं कुठं ऐकलं नव्हतं. तिनं बिल्ला परत उचलला नाही. बोट त्याच्यावर दाबून ती तशीच उभी राहिली. मागं एकदम चुळबुळ झाली. सत्तेचाळीसची जागा खाली झाली, हे शब्द गेटाबाहेर पोचले होते आणि छत्र्या पुढं सरकल्या होत्या. सगळ्यांत पुढं अनंता होता. कालच तो तिच्या शेतात चिखलात होता, तिच्या हातची भाकर जेवला होता.

पंढरीनाथनं त्याच्याकडं बघितलं. "येतोस? नाव सांग. आत्ता भट्टीला माणूस पाहिजे."

अनंताच्या घरी दोन लेकी होत्या आणि भिवंडीत लूमवर बारा बारा तास काम करून त्याचे कान बसले होते. तुळजानं त्याचं पाऊल बघितलं. उजवं पाऊल उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर पडलं होतं.

अनंतानं तिच्या बोटाखालच्या बिल्ल्याकडं बघितलं. घसा खाकरला. "नाव विठूचंच लिवा," तो म्हणाला. "मी त्याच्या सावडीला येतो."

"अरे, तुमच्या सावडीच्या..." पंढरीनाथनं पेन्सिल फळीवर टाकली. "स्वतःच्या नावावर येत असशील तर आत. नाही तर बाहेर."

अनंतानं पाऊल मागं घेतलं. आता त्याच्या मागचा दिघाशीचा माणूस पुढं झाला, अनंतानं त्याच्या छातीला कोपर लावून त्याला तिथंच अडवला. दोघांत शब्दाला शब्द लागला, तेवढ्यात आतून भोंगा झाला, आणि भोंग्याच्या मागोमाग रामदुलार मिस्त्री बाहेर आला. त्याच्या मागं वाल्मीक, पायांना ओलं गोणपाट बांधलेला.

"पहला घान लाल हो गया," मिस्त्री म्हणाला. "इसकी जोड़ी कहाँ है?"

पंढरीनाथनं सांगितलं. मिस्त्रीनं तुळजाला खालपासून वरपर्यंत बघितलं, हसला नाही. "धान लगाती हो?"

"लावते. ह्यांच्याहून जास्त लावते."

"लगाती होगी. मगर भट्टी पर औरत को नहीं चढ़ाऊँगा बहन. साड़ी एक चिनगी में जाती है." एवढं बोलून तो वाल्मीककडं वळला. "अकेला खड़ा रहेगा?"

"ऱ्हाईन," वाल्मीक म्हणाला. मग तुळजाला म्हणाला, "वयनी, तुमी जा घरी. दोनी अर्धे तास माजे."

"आठ घंटा? मर जाएगा." मिस्त्रीनं हाताची बोटं दुमडली. "चार जोड़ी हैं. सात आदमी. इसका आधा घंटा सब थोड़ा-थोड़ा खाएँगे. गाँव में कोई बीमार पड़ता है तो हम भी उसका खेत ऐसे ही उठाते हैं." आणि पंढरीनाथला, जरा आवाज चढवून, "भट्टी को नाम से क्या लेना बाबू, हाथ से मतलब है. जगह भरी है. लिखो."

"मी काय लिहू?" पंढरीनाथ म्हणाला. "माणूस घरी झोपलाय आणि हजर लिहू?" त्यानं खण उघडला, बंद केला, परत उघडला. मग खालून एक छापील कागद काढला आणि त्यावरची धूळ फुंकली. "आजारीपणाची रजा आहे. तीन दिवस, बिनपगारी. काम अडलं नाही अशी मिस्त्रीची सही असेल तर तो खाडा धरत नाहीत."

"हे आदी व्हतं?" तुळजानं विचारलं.

"पहिल्यापासून आहे."

"मंग सांगितलं का न्हाय?"

"कोणी विचारलं नाही," पंढरीनाथ म्हणाला आणि जरासा ओशाळला. "अर्जावर त्याची सही लागेल. किंवा घरच्या माणसाचा अंगठा."

"माजा चालंल?"

"अंगठा चालतो."

"म्हंजे हात न्हाय चालत, अंगठा चालतो," तुळजा म्हणाली. या वेळी पंढरीनाथही हसला. तिनं शाईत अंगठा बुडवून कागदावर उमटवला. रामदुलारनं शेजारी आपली वेलांटीसारखी सही केली.

"तीन दिन," त्यानं तीन बोटं दाखवली. "चौथे दिन मुझे वही कमर चाहिए."

परतताना अनंता तिच्याबरोबर चालला. पाऊस उघडला होता, रस्त्याकडेच्या खाचरांत पाणी चमकत होतं.

"वयनी, एक पाऊल मी टाकलं व्हतं. खोटं न्हाय सांगत."

"पाऊल मी बघितलं," तुळजा म्हणाली. "मागं घेतलं ते बी बघितलं." जरा वेळानं ती म्हणाली, "सोमवारी तुमची आवणी ना? आमची दोन मानसं येतील."

तीन दिवस विठू कमर शेकत पडला. वाल्मीक रविवारी पाळी सुटल्यावर खबर द्यायला आला. अंगणात उकिडवा बसून त्यानं सगळं सांगितलं. कोण किती वेळ उभा राहिला, एका ओरिसाच्या पोरानं पहिल्यांदाच सलग पाऊण तास कसा काढला, मिस्त्री स्वतः सांडशी घेऊन कसा उतरला. त्याच्या दंडावर ठिणगीचा ताजा फोड होता, त्याच्याबद्दल तो बोलला नाही. आनंदीबाईनं त्याला पाणी दिलं ते वरून, ओंजळीत, बौद्धवाड्यातल्या माणसाला गावात देतात तसं. वाल्मीक प्यायला. विठूनं भिंतीकडं तोंड केलं. ओंजळीत पाणी पडत होतं तोवर तुळजा आपल्या पायांकडं बघत राहिली.

तो गेल्यावर ती म्हणाली, "सात मानसांचं अंगावर आलं आपल्या. फेडायचं कसं?"

"त्यांना जेवान घाल," विठू म्हणाला.

"जेवनानं फिटत न्हाय सावड," आनंदीबाई फटकन म्हणाली. "पैशानं न्हाय, जेवनानं न्हाय. अंगानंच फिटते." हे तिच्या तोंडून गेलं आणि मग ती बोटांवर एकेकाचं शेत मोजू लागली. मिस्त्रीचं शेत जौनपूरला, त्या पोराचं ओरिसात. जवळ शेत एकाचंच होतं. दापोड्याच्या बौद्धवाड्यामागं वाल्मीकच्या आईचं, जाईबाईचं, पाऊण एकराचं खाचर. त्या शेतात राहनाळातलं कुणी कधी सावडीला गेलेलं नव्हतं. वाड्याची सावड वाड्यात, गावाची गावात.

सोमवारी विठू कमरेला आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून कामावर गेला आणि सासूसुना अनंताच्या आवणीला. पहिल्या सळईला त्यानं दात आवळले, दहावीला सैल झाला. सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी तीनला पाळी सुटल्यावर पंढरीनाथनं त्याला खिडकीपाशी थांबवलं. नव्वद दिवस पेन्सिलीनं लिहिलेलं नाव त्यानं खोडरबरानं पुसलं, तिथंच शाईनं लिहिलं आणि सुकेपर्यंत फुंकर घातली. "पक्का झालास," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून साडेसात. आणि हे बघ, आता वर्षाला रजाही मिळते. आधीच सांगून ठेवतो. नाही तर तुझी बायको येईल."

विठू घरी आला तेव्हा तुळजा दारातच होती. त्याच्या चालण्यावरूनच तिला कळलं. तो काही बोलायच्या आत ती आत वळली, चुलीपुढं बसली आणि उगाच लाकडं पुढं सारत राहिली.

"रडतेस?" त्यानं विचारलं.

"धूर हाय," ती म्हणाली. धूर नव्हताच, चूल चांगली पेटलेली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तुळजा आणि विठू सकाळीच दापोड्याला निघाले. विठूला चिखलात उतरायचं नाही अशी शपथ घातलेली. त्यानं बांधावरून रोपांच्या जुड्या फेकायच्या. अंगणातून बाहेर पडताना तुळजानं मागं बघितलं. आनंदीबाई डोक्याला फडकं बांधून उंबऱ्यात उभी होती.

"आत्याबाय, तुमी कुठं?"

"सात मानसांची सावड, आन दोन मानसं जाताव? त्यात एक मोडका," आनंदीबाई म्हणाली. "लाज न्हाय का तुमाला?"

दापोड्याच्या शिवेवर तिचं चालणं जरा मंदावलं, थांबलं मात्र नाही. जाईबाई खाचराच्या तोंडाशी उभी होती. आनंदीबाईएवढीच म्हातारी, तेवढीच वाळलेली. तिनं तिघांना बघितलं, घाईघाईनं बांधावर एक पोतं अंथरलं.

"बसा, आनंदीबाय. तुमी कशाला उतरताव. पोरं करतील."

"बसाया न्हाय आलीय," आनंदीबाई म्हणाली. लुगडं खोचलं, उजवा पाय चिखलात घातला, मग डावा. हात पुढं केला. "मूठ दे."

जाईबाईनं रोपांची मूठ तिच्या हातात दिली. मग स्वतः एक मूठ घेऊन तिच्या शेजारी उतरली. दोघी एकदमच वाकल्या. तुळजा, वाल्मीक, वाड्यातल्या चार बायका मागं लागल्या. थोड्या वेळानं रस्त्यावरून रामदुलार आला, वहाणा हातात धरून. दहा महिने धानात पाय नाही घातला, असं म्हणत कुणालाही न विचारता उतरला. त्याची ओळ वाकडी जात होती. बायका त्याला हसत होत्या आणि तो आपल्या भाषेतलं काहीतरी गुणगुणत होता. पाऊण एकर ते काय. उन्हं डोक्यावर यायच्या आत शेवटची ओळ बांधाला टेकली. हिरव्या शेंड्यांवरून वारा गेला तसं सगळं खाचर एका बाजूला लवलं आणि परत सरळ झालं.

जाईबाईनं पळसाची पानं मांडली. तांदळाची भाकर, शेवळाची भाजी, कांदा. पहिलं पान आनंदीबाईपुढं आलं. वाल्मीकच्या हातातला तांब्या जरा तसाच राहिला. विठू दुसरीकडं बघत होता. आनंदीबाईनं भाकर मोडली, भाजीला लावली, तोंडात घातली आणि सावकाश चावली. मग जाईबाईकडं बघितलं.

"मीठ कमी पडलं गो भाजीत."

जाईबाईनं पदराला हात पुसले. "पुढल्या साली जास्ती घालीन."

आनंदीबाईनं जरा विचार केला. "घाल," ती म्हणाली आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.